रेखाटनाचा रियाज

'चित्रकला काही माझ्या हातात नाही हो!' हे वाक्य आपण किती सहज बोलून टाकतो! सुशिक्षित माणसाला 'मला वाचता येत नाही' असे म्हणण्याची पाळी आली तर तो ओशाळेल. चित्राच्या बाबतीत मात्र ही कबुली आपण हसत हसत देतो. एवढ्यावरच थांबत नाही. घरातले आठ-दहा वर्षांचे मूल कागदावर माणूस काढीत बसते, तो माणूस जरा वेडावाकडा होतो, आणि आपण लगेच निकाल देऊन टाकतो, 'याचं गणित बरं आहे, पण चित्रकलेत गती नाही.' झाले! एक दार लागले. ते पुढे जन्मभर बंद राहते. मौज अशी, की त्या दाराला खरोखर कुलूप आहे की नुसतेच लोटलेले आहे, हे पाहायला कोणी जात नाही.

वाचकहो, आज आपण त्या दाराला जरा धक्का देऊन पाहू.

प्रथम हाताचा विचार करू. आपण सगळे लहानपणी अक्षरे गिरवायला शिकलो. 'श्री' काढताना पेन्सिल कुठून निघते, कुठे वळते, कुठे गाठ मारते, याचा आता विचारही करावा लागत नाही. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांच्यासारखी नागमोडी अक्षरे आपण बोलता बोलता कागदावर उतरवतो. जो हात हे करतो त्याला वळण नाही असे कोण म्हणेल? अक्षर कोणाचे सुंदर असेल, कोणाचे कोंबडीच्या पायांसारखे असेल. पण अक्षर काढणे ही दैवी देणगी आहे असे आपण मानीत नाही. गिरवले म्हणून आले, असेच म्हणतो. साध्या चित्राला याहून फार अधिक कसबी हात लागत नाही. अडते ते दुसरीकडेच.

मी चित्रकार नव्हे. महाविद्यालयात तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवणारा मनुष्य आहे. संवेदना आणि ज्ञान यांतला फरक शिकवताना मी कधी कधी मुलांना पाच मिनिटांत एक माणसाचा चेहरा काढायला सांगतो. चेहरे तऱ्हेतऱ्हेचे येतात, पण एक गोष्ट बहुतेक कागदांवर सारखी असते. डोळे कपाळाच्या जागी जाऊन बसलेले असतात. आता ही मुले रोज शेकडो चेहरे पाहतात, आरशात स्वतःचाही पाहतात. मग असे का व्हावे? कारण ती पाहिलेला चेहरा काढीतच नाहीत. 'चेहरा' या शब्दाचे चित्र काढतात. डोळा, नाक, तोंड या कामाच्या गोष्टी. त्यांना मनात मोठी जागा मिळते. कपाळ आणि त्यावरची कवटी आपल्याशी बोलत नाहीत; मग त्यांना कागदावर बोटभरही जागा उरत नाही. थोडक्यात म्हणजे, हात आपले काम नीट करतो. त्याला मिळणारा निरोपच चुकीचा असतो. आपल्याला जे ठाऊक असते ते आपण काढतो. जे दिसते ते नव्हे.

रेखाटनाचा सराव म्हणजे हा निरोप दुरुस्त करण्याचा सराव. डोके, शरीराचे हावभाव आणि यथार्थदर्शन, म्हणजे ज्याला आपण पर्स्पेक्टिव्ह म्हणतो ते, या तीन गोष्टी शिकणाऱ्याने रोज का घोटाव्यात, याचे कारणही हेच आहे. या तिन्ही ठिकाणी आपले 'ठाऊक असणे' आपल्याला वेगवेगळ्या रीतीने फसवते.

हे नुसते तत्त्वज्ञान राहू नये म्हणून एका माणसाची हकीकत सांगतो. व्हिन्सेंट व्हॅन गॉग हे नाव तुम्ही ऐकले असेल. त्याची सूर्यफुले आज जगभर भिंतींवर लागलेली आहेत. पण हा डच मनुष्य १८८० साली चित्रकार व्हायचे ठरवतो तेव्हा त्याचे वय होते सत्तावीस. त्याआधी तो चित्रे विकणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होता, ती गेली. मग शाळामास्तर झाला, पुस्तकांच्या दुकानात राहिला, बेल्जियममधल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखात धर्मोपदेशक म्हणून गेला. तेही टिकले नाही. हातात ना पैसा, ना धंदा. कोणीही म्हणाले असते, 'बाबा रे, आता उशीर झाला.' त्याची त्या काळातली चित्रे पाहिली तर ती कोणा जन्मजात प्रतिभावंताची वाटत नाहीत. माणसे ताठर आहेत, प्रमाणे चुकलेली आहेत.

मग त्याने काय केले? गिरवायला बसला! शार्ल बार्ग नावाच्या फ्रेंच चित्रकाराने विद्यार्थ्यांसाठी नमुन्याचे तक्ते तयार केले होते. त्यांतला कोळशाने मानवाकृती काढण्याचा साठ तक्त्यांचा संच व्हिन्सेंटने हेगमधल्या आपल्या जुन्या साहेबाकडून उसना मागवला आणि खाणकामगारांच्या वस्तीतल्या एका लहानशा खोलीत बसून साठच्या साठ उतरवून काढले. पुढे पुन्हा काढले. त्याने लिहिलेली आठशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांतली सहाशेच्या वर धाकटा भाऊ थिओ याला लिहिलेली आहेत. ही पत्रे म्हणजे एका प्रौढ विद्यार्थ्याची रोजनिशीच आहे. आपले तिन्ही विषय तिच्यात आहेत. आता एकेक घेऊ.

पहिला विषय डोके. व्हिन्सेंट हेगमध्ये राहत असताना वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना बसवून त्यांची डोकी काढीत असे. पुढे न्यूनेन नावाच्या खेड्यात, १८८४-८५ च्या हिवाळ्यात, त्याने शेतकऱ्यांची पन्नास डोकी रंगवायचा संकल्प सोडला. एक नाही, दोन नाही, पन्नास! त्या डोक्यांच्या पाठोपाठ १८८५ च्या वसंतात 'बटाटे खाणारी माणसे' हे त्याचे पहिले मोठे चित्र आले. त्या चित्रात माणसे आहेत पाच. पण त्या पाचांच्या मागे किती डोक्यांचा सराव होता पाहा.

तुम्हाला सुरुवात करायची तर काही मापे ध्यानात ठेवा. मोठ्या माणसाच्या डोक्याची टाळूपासून हनुवटीपर्यंत उंची घेतली, तर डोळे बरोबर मध्यावर येतात. विश्वास बसत नसेल तर आरशासमोर उभे राहून पट्टीने मोजा. भिवईपासून नाकाच्या बुडापर्यंत जेवढे अंतर, साधारण तेवढेच नाकाच्या बुडापासून हनुवटीपर्यंत. कान याच भिवई आणि नाकाच्या बुडाच्या दरम्यान बसतो. दोन डोळ्यांच्या मध्ये आणखी एक डोळा मावेल एवढी जागा असते, आणि समोरून पाहिलेल्या डोक्याची रुंदी सुमारे पाच डोळ्यांची भरते. लहान मुलाचे मात्र निराळे. त्याचे कपाळ मोठे आणि डोळे मध्याच्या खाली. मोठ्यांची मापे मुलाला लावली, की कागदावर मूल न उतरता ठेंगणा मनुष्य उतरतो. बाजूने डोके काढताना आणखी एक चूक हटकून होते. चेहऱ्याच्या नादात आपण मागची कवटी कापून टाकतो. वस्तुतः बाजूने पाहिलेले डोके जवळजवळ उंचीइतकेच मागेपुढे खोल असते, आणि कान मध्याच्या थोडा मागेच असतो.

पण मापे पाठ करून डोके येत नाही, कारण माणसे पट्टीसारखी समोर बसत नाहीत. ती मान वळवतात, वाकवतात. यासाठी एक घरगुती उपाय सांगतो. सोललेला नारळ घ्या. खडूने त्यावर वरून खाली एक रेघ मारा, ही नाकाची. मध्यावरून आडवी एक रेघ सगळीकडून फिरवा, ही डोळ्यांची. या आडव्या रेघेवर दोन्ही बाजूंना कानांच्या खुणा करा. आता नारळ हातात धरून पुढे झुकवा. आडवी रेघ सरळ राहत नाही. ती समोर खाली लोंबते, आणि कान डोळ्यांच्या वर गेलेले दिसतात. नारळ मागे कलवा, की रेघ वरच्या बाजूला कमान धरते आणि कान खाली उतरतात. पुस्तक वाचीत बसलेला माणूस आणि आकाशाकडे पाहणारा माणूस यांच्यातला सगळा फरक त्या दोन रेघांत आहे. अँड्र्यू लूमिस या अमेरिकन चित्रकाराने डोके आणि हात यांच्या रेखाटनावर १९५६ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. तेही एका चेंडूपासूनच सुरू होते. आपण नारळापासून सुरू करू, एवढेच.

मॉडेल कोण? तुम्ही स्वतः. व्हिन्सेंटलाही माणसांना पैसे देऊन बसवणे परवडत नसे, म्हणून त्याने आरसा घेतला. त्याची सुमारे पस्तीस आत्मचित्रे आहेत आणि त्यांतली बहुतेक पॅरिसच्या दोन वर्षांतली आहेत. लोक त्यांत त्याच्या मनाचा शोध घेतात, जरूर घ्यावा. पण त्यांतली पुष्कळशी, साध्या भाषेत सांगायचे तर, गरीब विद्यार्थ्याचा गृहपाठ होती.

दुसरा विषय हावभाव. इथे फसवणूक निराळी होते. माणूस काढायचा म्हटले की आपण डोक्यापासून सुरुवात करतो. मग मान, मग खांदे, मग हात, असे भाग जोडत खाली येतो. पायांपर्यंत पोचतो तेव्हा कागद तरी संपलेला असतो किंवा माणूस तरी! सगळे भाग जागेवर असूनही तो कपड्याच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा उभा राहतो. कारण आपण अवयव मोजले. तो माणूस करतो काय, हे पाहिलेच नाही.

किमोन निकोलाइडीस हे न्यूयॉर्कमधले एक चित्रकलाशिक्षक होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात जलद रेखाटनाची एक कसरत आहे. मॉडेलने एक पवित्रा घ्यायचा आणि विद्यार्थ्याने मिनिटभरात, किंवा त्याहूनही कमी वेळात, पेन्सिल न उचलता तो कागदावर पकडायचा. नाक-डोळे नाहीत, बोटे नाहीत, बाह्यरेषासुद्धा नाही. नुसती हालचाल. कागदावर गुंतवळ उतरते म्हणा ना! पण त्या गुंतवळात माणूस वाकलेला असेल तर वाकलेला दिसला पाहिजे.

या कसरतीसाठी आपल्यासारखी भाग्यवान माणसे आपणच. एस. टी. स्टँडवर, रेल्वेच्या फलाटावर, मंडईत, नदीच्या घाटावर जाऊन बसा. मूल कडेवर घेऊन उभी असलेली बाई पाहा. ज्या बाजूला मूल, त्या बाजूची कंबर बाहेर आलेली असते आणि धड दुसरीकडे कललेले असते. दोन्ही मिळून एक मोठा बाक होतो. तो बाक एका रेघेत प्रथम काढा, बाकी सगळे मागाहून. हातगाडी ओढणारा पाहा. तो इतका पुढे झुकलेला असतो की गाडीचा दांडा सुटला तर तोंडावर पडेल. चित्रात तो पडेल असे वाटले नाही, तर गाडी रिकामी आहे असे समजावे. सहज उभ्या असलेल्या माणसाचा भार बहुधा एका पायावर असतो. त्या बाजूची कंबर वर चढते आणि त्याच बाजूचा खांदा सहसा खाली उतरतो. गवंड्याचा ओळंबा त्याच्या गळ्याच्या खळगीतून सोडला, तर तो भार घेतलेल्या पावलाजवळ पडतो. या दोन-तीन गोष्टी कळल्या, की तुमची माणसे कागदावर डगमगत नाहीत.

व्हिन्सेंटची तगमग अगदी हीच होती. १८८५ मधल्या एका पत्रात तो ज्या चित्रांतली माणसे शास्त्रशुद्ध असूनही काम करीत नाहीत, त्यांच्याविषयी तक्रार करतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की खणणारा माणूस चित्रात खरोखर खणला पाहिजे. आणि हे म्हणणारा गृहस्थ स्वतः शेतात उभा राहून खणणारे, पेरणारे, ओझी वाहणारे पुनःपुन्हा काढीत होता.

तिसरा विषय यथार्थदर्शन. नावाने जड, पण मुळात साधा. इथे आपल्याला फसवते ते वस्तूंविषयीचे ज्ञान. टेबलाचा पाट चौकोनी आहे हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपण तो चौकोनी काढतो आणि त्यावरचा पेला घरंगळायला लागतो. तांब्याचे तोंड गोल असते हे ठाऊक असते, म्हणून गोल काढतो. पण तांब्या उचलून डोळ्यांच्या पातळीला धरा. त्या गोलाची नुसती रेघ होते. हळूहळू खाली न्या. रेघेचा लंबगोल होतो, आणि तांब्या जमिनीवर ठेवून वरून पाहिले म्हणजे कुठे तो पुरा गोल दिसतो. तांब्या तोच आहे. बदलला तो तुमचा आणि त्याचा संबंध.

सगळे यथार्थदर्शन या एका गोष्टीवर उभे आहे. पाहणारा कुठे आहे? समुद्रकाठी उभे राहिलात तर क्षितिज तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. वाळूत बसलात की तेही तुमच्याबरोबर खाली बसते. या क्षितिजरेषेच्या वरच्या ज्या रेघा आपल्यापासून लांब जातात, म्हणजे घरांच्या वळचणी, विजेच्या तारा, त्या लांब जाता जाता खाली उतरतात. रेषेखालच्या, म्हणजे रस्त्याच्या कडा, रेल्वेचे रूळ, या वर चढतात. सपाट जमिनीवरच्या ज्या सरळ रेघा एकमेकींना समांतर आहेत, त्या सगळ्या या रेषेवर एकाच बिंदूत मिळाल्यासारख्या दिसतात. त्याला लोपबिंदू म्हणतात. आणखी एक गंमत बघा. सपाट फलाटावर तुम्ही उभे असाल, तर तुमच्याच उंचीची जी माणसे उभी आहेत, मग ती दोन हातांवर असोत की फलाटाच्या टोकाला, त्या सर्वांचे डोळे एकाच पातळीत दिसतात. फरक पडतो तो पावलांत. लांबच्यांची पावले वर जातात. एवढे एक सूत्र पाळले, तरी गर्दीचे चित्र हवेत तरंगत नाही.

युरोपात हे शास्त्र पंधराव्या शतकात फ्लॉरेन्स शहरात आकाराला आले. ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने प्रयोग करून ते दाखवले आणि अल्बेर्ती या विद्वानाने १४३५ साली ग्रंथात मांडले. चित्र म्हणजे जणू उघडी खिडकी, अशी त्याची कल्पना होती. जर्मन चित्रकार ड्यूररने १५२५ सालच्या आपल्या ग्रंथात चौकटीतून पाहून रेखाटन करण्याची साधने चित्रांसह दाखवली. व्हिन्सेंटने १८८२ साली हेगमध्ये तशीच एक चौकट करून घेतली. लाकडी चौकट, तिच्यात ताणलेले उभे, आडवे आणि तिरपे दोरे, आणि जमिनीत रोवायला दोन खांब. ही चौकट घेऊन तो समुद्रकाठी जाई. दोऱ्यांच्या आधाराने छपराची रेघ किती तिरपी, होडी कितीशी लांब, हे मोजून काढी. सराव पुष्कळ झाला म्हणजे विजेच्या चपळाईने रेखाटता येते, अशा अर्थाचे त्याने भावाला लिहिले आहे. म्हणजे चौकट ही कुबडी नव्हती, शिकवणी होती.

ही शिकवणी आपल्याला फुकट मिळू शकते. घराच्या खिडकीच्या काचेसमोर उभे राहा, डोके हलवू नका, एक डोळा मिटा, आणि समोरच्या इमारतीच्या कडा स्केचपेनने काचेवरच गिरवा. मग मागे सरून त्या रेघा पाहा. इतक्या तिरप्या असतील असे तुम्हाला स्वप्नातही वाटले नसेल. (काच नंतर पुसायला विसरू नका, नाही तर घरच्यांची बोलणी खावी लागतील!) किंवा पुठ्ठ्यात खिडकी कापून तिच्यावर शिवणाचे दोरे ताणा, झाली तुमची चौकट तयार.

इथे एक खुलासा करायला हवा. एका बिंदूत मिळणारे हे यथार्थदर्शन म्हणजे चित्रकलेचे एकमेव सत्य नव्हे. कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत. रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. यांत डोक्याच्या मापांचे प्रमाण आहे, हालचालीच्या जवळचा भाव आहे. पण लोपबिंदूला स्वतंत्र स्थान नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी त्यावाचून भिंतीच्या भिंती जिवंत केल्या. तेव्हा यथार्थदर्शन हे एक व्याकरण समजावे. ते शिकल्याने दुसरी भाषा हलकी ठरत नाही. पण आपण जिथे उभे आहोत तिथून जग कसे दिसते, हे प्रामाणिकपणे मांडायचे तर हे व्याकरण फार उपयोगी पडते.

आता प्रश्न रोजच्या अभ्यासाचा. गवय्याला रियाज का करता असे कोणी विचारीत नाही. पहिलवानाला तालीम चुकत नाही. रेखाटनाचेही तसेच. रोज अर्धा तास पुरे, पण रोज हवा. रविवारी पाच तास आणि मग आठवडाभर सुट्टी, याने काम होत नाही. अर्ध्या तासाची वाटणी अशी करून पाहा. पहिली पाच मिनिटे जलद रेखाटने, प्रत्येकी अर्धे मिनिट. हात मोकळा होतो. पुढची पंधरा मिनिटे एक डोके. शेवटची दहा मिनिटे तांब्या, पेला, खुर्ची, जिना, खिडकीबाहेरचा बोळ, यांपैकी काहीही. भारी कागद आणू नका. भारी कागदाची भीती वाटते आणि भीतीने हात आखडतो. घरातले पाठकोरे कागद आणि एक मऊ पेन्सिल बस्स झाली. खोडरबर जरा दूर ठेवा. प्रत्येक कागदावर तारीख घाला आणि कितीही वाईट झाला तरी फाडू नका.

मात्र नुसते पुनःपुन्हा काढणे म्हणजे सराव नव्हे. चूक न शोधता शंभर डोकी काढली, तर ती चूक शंभर वेळा पाठ होते. काढून झाले की तपासा. हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्या आणि चित्रातल्या मापाशी ताडा. कागद आरशात उलटा पाहा. एरवी न दिसणारा कलंडलेपणा लगेच डोळ्यांत भरतो. चूक सापडली की तिच्याच शेजारी तेच चित्र दुसऱ्यांदा काढा. रियाजातले खरे शिक्षण त्या दुसऱ्या चित्रात असते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो, कारण पुष्कळ लोक इथेच सोडून देतात. तीन-चार आठवडे झाले की एक विचित्र अनुभव येतो. पहिल्या आठवड्यात जी चित्रे बरी वाटली होती, ती आता सहन होत नाहीत. आणि आजचे चित्र तर त्याहून वाईट वाटते. माणूस म्हणतो, 'मी म्हणतच होतो, आपल्या हातात नाही!' वाचकहो, या दिवशी कृपा करून पेन्सिल खाली ठेवू नका. चित्र बिघडलेले नसते. डोळा सुधारलेला असतो. डोळा आधी शिकतो, हात त्याच्या मागून येतो, आणि मधल्या काळात डोळ्याला हाताची प्रत्येक चूक दिसते. ज्याला आपण अपयश म्हणतो ती वस्तुतः प्रगतीची पहिली खूण असते. तारखा घातलेले कागद जपून ठेवायचे ते या दिवसासाठी. पहिला कागद आणि आजचा कागद शेजारी ठेवा, म्हणजे कोणाच्या शाबासकीची गरज उरत नाही.

व्हिन्सेंटवरही ही वेळ आली. 'बटाटे खाणारी माणसे' या चित्राच्या शिळाछापाची प्रत त्याने आपला चित्रकार मित्र व्हॅन रापार्ड याला पाठवली. मित्राने त्यातल्या आकृतींवर सडकून टीका केली. व्हिन्सेंट दुखावला, ती मैत्री पुढे टिकली नाही. पण आपल्याला सगळे येते असा दावा त्याने केला नाही. उलट, जे अजून येत नाही तेच आपण करीत राहतो, ते यावे म्हणून, असे त्याच्या उत्तराचे सार आहे. त्यानंतर तो अँटवर्पच्या कलाशाळेत गेला आणि पॅरिसमध्ये कॉर्मोनच्या चित्रशाळेत आपल्याहून लहान मुलांच्या रांगेत बसून प्लॅस्टरचे पुतळे रेखाटू लागला. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, १८९० मध्ये, ज्या वेळी त्याची सूर्यफुले रंगवून झालेली होती, त्या वेळीही त्याने भावाकडे पुन्हा तेच बार्गचे तक्ते मागितले. दहा वर्षांपूर्वी गिरवलेले!

आपल्याकडेही हा वसा पाळणारे होऊन गेले. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. पुढे तिथेच शिक्षक झाले. आपल्या आत्मकथेला त्यांनी नाव दिले 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे'. त्या नावात बक्षिसांचा किंवा मानमरातबाचा उल्लेख नाही. वर्षांचा हिशेब आहे.

अर्धा तास रोज बसलो म्हणजे प्रत्येकजण धुरंधर किंवा व्हॅन गॉग होईल, असे मी म्हणत नाही. तसे सांगणे ही फसवणूक होईल. अक्षर गिरवणारा प्रत्येकजण कवी होत नाही. पण म्हणून कोणी अक्षरे शिकायची थांबत नाही. लिहिता आल्याने जे मिळते ते कवी न झालेल्यालाही मिळतेच. रेखाटनाचे तसेच आहे. सहा महिन्यांनी तुम्हाला आईच्या चेहऱ्यावरची कानापासून हनुवटीकडे उतरणारी रेघ दिसू लागेल. ती इतकी वर्षे समोर होती. ओझे उचलणाऱ्या हमालाची पाठ किती वाकते हे कळेल. रोजचा बोळ संध्याकाळी कसा निमुळता होत जातो, हे पाहायला पावले थांबतील. छायाचित्र क्षणात निघते, आणि बहुधा क्षणातच विसरले जाते. वीस मिनिटे पाहून काढलेला चेहरा मनातून जात नाही.

आणि आता घरातल्या त्या मुलाविषयी. पुढच्या वेळी ते कागद घेऊन बसले आणि त्याच्या माणसाचे डोळे कपाळात गेले, तर निकाल देऊ नका. एक पाठकोरा कागद तुम्हीही घ्या आणि त्याच्या शेजारी बसा. नारळ मध्ये ठेवा. दोघांची चित्रे सुरुवातीला सारखीच वाईट येतील. त्याने काही बिघडत नाही. कागदावर तारीख तेवढी घाला.